एक्स्चेंज झालंय पण किल्ली हातात नाही: मधल्या दिवसांत घर कोणाचं, जबाबदारी कोणाची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजलं असेल तर लगेच कळेल. इंग्लंडमधल्या रेडिंगला चार लाख पाउंडांचं घर घेताय, दहा टक्के म्हणजे चाळीस हजार डिपॉझिट गेलंय, एक्स्चेंज (म्हणजे करार पक्का होणं) झालंय, कम्प्लिशन (म्हणजे उरलेले पैसे देऊन ताबा घेणं) तीन आठवड्यांनी एका शुक्रवारी आहे. आता विकणाऱ्यांच्या एजंटचा फोन आलाय की ते ज्या घरात जाणार होते तिथे काहीतरी अडकलंय म्हणून तारीख दहा दिवस पुढे ढकला. त्यात भर म्हणजे बॉयलर बंद पडलाय असं कळलं. तुम्हाला राहायला जायच्या आधी कार्पेट टाकून घ्यायचंय. विकणारे बेडरूममधली भिंतीतली कपाटं आणि हॉलमधले दिवे काढून नेणार अशी कुणकुण आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मिस्टरांच्या कंपनीत ले-ऑफ चाललेत, त्यामुळे बाहेर पडता येईल का हा विचार डोक्यात आहे, आणि पुण्याहून तुमचे दीर सांगतायत की "एवढं काय, फार तर इसार बुडेल."

दिरांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते कारण तेच सगळ्यात महाग पडू शकतं. इसार बुडेल हे खरं. "फार तर" हे खरं नाही. ते कसं ते खाली येईलच, पण त्याआधी एक्स्चेंजने नेमकं काय बदललं हे नीट समजून घ्या, मग बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं आपोआप सुटतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये (स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथलं काहीही इथे लावू नका) ऑफर अ‍ॅक्सेप्ट झाली, सर्व्हे झाला, बँकेचं पत्र आलं, तरी एक्स्चेंजपर्यंत कोणीही कोणालाही बांधलेलं नसतं. विकणारा शेवटच्या दिवशी दुसऱ्याला वीस हजार जास्त घेऊन देऊ शकतो, तुम्ही आदल्या रात्री मन बदलू शकता, खर्च ज्याचा त्याचा. १९८९ चा एक कायदा आहे, त्याच्या कलम २ प्रमाणे जमिनीचा करार लेखी हवा, सगळ्या अटी त्यातच हव्यात आणि दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. म्हणून दोन सारख्या प्रती असतात, एकीवर तुमची सही, दुसरीवर त्यांची, आणि दोन्ही सॉलिसिटर (घराचा व्यवहार बघणारे वकील) फोनवर लॉ सोसायटीच्या, म्हणजे त्यांच्या संघटनेच्या, ठरलेल्या फॉर्म्युल्याप्रमाणे बोलून, वेळ लिहून घेऊन, त्या "एक्स्चेंज" करतात. बहुतेक वेळा फॉर्म्युला बी वापरतात. त्या दोन मिनिटांच्या फोननंतर दोघंही अडकले. तुम्ही त्या वेळी ऑफिसच्या कँटीनमध्ये असता आणि तुम्हाला नंतर ईमेल येतो, त्यामुळे बऱ्याच लोकांना आपण किती मोठी गोष्ट करून बसलो ते जाणवतच नाही.

आपल्याकडच्या साठेखताशी याची तुलना सगळेच करतात, मीही करते, पण एका ठिकाणी दोन्ही कायदे एकदम उलट दिशेला जातात. भारतात ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट १८८२ चं कलम ५४ सरळ म्हणतं की विक्रीच्या नुसत्या करारामुळे त्या मिळकतीत कोणताही हक्क तयार होत नाही. साठेखत झालं तरी खरेदीखत नोंदवेपर्यंत घर विकणाऱ्याचंच. इंग्लंडमध्ये तसं नाही. इथे १८७६ च्या लायसॅट विरुद्ध एडवर्ड्स या केसपासून पक्कं धरलेलं आहे की करार बांधला गेला की विकणारा हा एक प्रकारे तुमच्या वतीने घर सांभाळणारा ट्रस्टी होतो, कागदोपत्री मालकी त्याची पण इक्विटीच्या (न्यायबुद्धीवर उभ्या असलेल्या कायद्याच्या) नजरेतून घर तुमचं. त्या केसमध्ये तर करार झाल्यावर आणि कम्प्लिशनच्या आधी विकणारा वारला होता, तरी करार टिकला.

आता "घर तुमचं" म्हटल्यावर आनंद होतो, पण त्याच्यासोबत काय येतं ते बघा. ताबा त्याच्याकडेच राहतो. काउन्सिल टॅक्स, वीज, पाणी कम्प्लिशनपर्यंत त्यानेच भरायचं. भाड्याने दिलेलं घर असेल तर तोपर्यंतचं भाडंही त्याचं. पूर्ण पैसे मिळेपर्यंत घर सोडायला तो बांधील नाही. आणि जोखीम मात्र तुमची.

हे जोखमीचं प्रकरण जरा सविस्तर सांगते. इथले जवळपास सगळे घरांचे करार "स्टँडर्ड कंडिशन्स ऑफ सेल" वर होतात, सध्या पाचवी आवृत्ती, २०१८ ची सुधारित. आधीच्या आवृत्त्यांमध्ये कम्प्लिशनपर्यंत जोखीम विकणाऱ्याकडे असायची. २०११ ला पाचवी आवृत्ती आली आणि ते फिरलं, आता कंडिशन ५.१ प्रमाणे कराराच्या तारखेपासून घर खरेदीदाराच्या जोखमीवर. म्हणजे उद्या तिथे आग लागली, पूर आला, झाड छपरावर पडलं, तरी तुम्हाला त्याच दिवशी त्याच किमतीला कम्प्लिट करायचंय. आणि विमा काढून ठेवायला विकणारा बांधील नाही, वेगळी अट घातली असेल तरच. म्हणून बिल्डिंग इन्शुरन्स एक्स्चेंजच्या दिवसापासून सुरू हवा, कम्प्लिशनच्या नाही. तुमचा सुरू आहे का ते आज संध्याकाळी पॉलिसी उघडून तारीख बघा. खूप लोक ऑनलाइन फॉर्म भरताना "राहायला कधी जाणार" ची तारीख टाकतात आणि मधले तीन आठवडे उघडे राहतात. फ्लॅट असेल तर सहसा फ्रीहोल्डरचा (बिल्डिंगच्या मूळ मालकाचा) एकच विमा सगळ्या बिल्डिंगला असतो, पण तुमचं घर आहे म्हणून तुम्हालाच बघायला लागेल.

बॉयलर. कंडिशन ३.२ म्हणते की खरेदीदार घर कराराच्या दिवशी ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत स्वीकारतो, आणि त्यानंतरची जोखीम आत्ताच सांगितली तशी तुमची. त्यामुळे जुना बॉयलर एक्स्चेंजनंतर आपल्या मरणाने मेला तर खर्च तुमचा, आणि बिल्डिंग इन्शुरन्समध्ये बॉयलरचा बिघाड सहसा बसत नाही. वाईट वाटेल ऐकून, पण हे असंच आहे. दोन ठिकाणी मात्र तुमची बाजू भक्कम होते. एक, तो बॉयलर एक्स्चेंजच्या आधीच बंद होता आणि टीए६ नावाच्या त्या लांबलचक प्रश्नावलीत त्यांनी हीटिंग व्यवस्थित चालतंय असं लिहिलं, तर ते चुकीचं सांगणं झालं आणि मिसरिप्रेझेन्टेशन अ‍ॅक्ट १९६७ खाली भरपाई मागता येते. म्हणून भांडण सुरू करायच्या आधी शांतपणे विचारा की नेमका कधी बंद पडला, गॅस इंजिनिअर कधी आला होता, त्याचं बिल बघायला मिळेल का. दुसरं, त्यांनी घराची काळजीच घेतली नाही. ट्रस्टी म्हणजे नुसतं बसून राहायचं असं नाही, वाजवी काळजी घ्यावीच लागते. १८९१ ची क्लार्क विरुद्ध रामुझ केस यासाठी अजून सांगितली जाते, करार झाल्यावर कोणीतरी तिऱ्हाईत येऊन जमिनीवरची माती गाड्या भरभरून उचलून घेऊन गेला आणि विकणाऱ्याने लक्षच दिलं नाही, कोर्टाने विकणाऱ्याला जबाबदार धरलं. आजच्या भाषेत, जानेवारीत घर रिकामं करून गेले, हीटिंग बंद, पाणी चालू, पाइप गोठून फुटला आणि खालचा मजला भिजला, तर "जोखीम खरेदीदाराची" एवढं म्हणून ते सुटत नाहीत. तुमच्या केसमध्ये ते अजून तिथेच राहतायत, त्यामुळे हा मुद्दा सध्या नाही, पण तारीख पुढे गेली आणि ते मधेच निघून गेले तर येईल.

कार्पेट. घर इक्विटीत तुमचं असलं तरी आत पाय ठेवायचा हक्क तुम्हाला आपोआप मिळत नाही. शेवटचं एकदा बघून येणं, मापं घेणं, हे सुद्धा त्यांच्या मर्जीवर, करारात लिहून घेतलं नसेल तर. बहुतेक लोक एजंटमार्फत एक चक्कर मारू देतात, मारून या, सोबत फोन घेऊन जा आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढा. काम करायला जायचं असेल तर दोन्ही सॉलिसिटरनी लेखी ठरवावं लागतं. करारात एक बारीक पण कामाची गोष्ट आहे: नुसतं ठरलेलं काम करण्यापुरतं आत जाणं म्हणजे राहणं धरलं जात नाही. पण सामान आत नेऊन ठेवलंत, रात्री झोपलात, किल्ली तुमच्याकडेच राहिली, की प्रकरण बदलतं. मग तुम्ही लायसन्सी (परवानगीने राहणारे), रोजचे पैसे द्या, दुरुस्ती तुमची, काही तोडफोड करायची नाही, आणि स्टॅम्प ड्यूटीच्या नियमात "सब्स्टॅन्शिअल परफॉर्मन्स" (करार जवळजवळ पुरा झाला असं धरणं) होऊन कम्प्लिशनच्या आधीच कराचं घड्याळ सुरू होऊ शकतं. मी विकणाऱ्याच्या बाजूने असते तेव्हा माझा सल्ला ठरलेला, किल्ली देऊ नका. एकदा माणूस आत शिरला की पैसे द्यायची घाई संपते, आणि उद्या व्यवहार मोडला तर त्याला बाहेर काढणं वेगळंच. तेव्हा तुम्हाला नाही म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. कार्पेटवाल्याला शनिवारची तारीख द्या, एक रात्र बिनकार्पेटची काढा.

कपाटं आणि दिवे यावर मात्र तुम्ही ठाम राहू शकता. टीए१० नावाचा फॉर्म असतो, त्यात खोलीखोलीनिहाय काय राहणार आणि काय जाणार याच्यावर टिक असतात आणि तो कराराचा भाग असतो. भिंतीत बसवलेली कपाटं "राहणार" मध्ये टिक असतील तर विषय संपला, ती आता तुमची. दिव्यांचं बघा काय टिक केलंय, तिथे लोक नेहमी गोंधळ घालतात. १९४९ च्या फिलिप्स विरुद्ध लॅम्डिन मध्ये विकणाऱ्याने घरातला एक जुना नक्षीदार दरवाजा काढून दुसरा साधा बसवला होता, कोर्टाने नुसते पैसे द्या असं न म्हणता तोच दरवाजा परत बसवायला लावला. व्यवहारात दिव्यांसाठी कोणी एवढं लढत नाही, पण सॉलिसिटरचं एक पत्र आत्ताच गेलं की "टीए१० प्रमाणे अमुक वस्तू जागेवर राहतील हे कन्फर्म करा" तर स्क्रूड्रायव्हर बाहेर यायच्या आधीच लोक थांबतात. नंतर कळलं तर इंग्लंडमध्ये दहा हजार पाउंडांपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये वकिलाशिवायही चालवता येतात. आणि याच्या उलट, काय ठेवून जातायत तेही बघा. रिकामा ताबा म्हणजे रिकामा, शेडमधला जुना फ्रीज, माळ्यावरची गाठोडी, बागेतल्या विटांचा ढीग हे सगळं काढून नेणं त्यांचं काम. १९४६ च्या कंबरलँड केसमध्ये तळघरभर घट्ट झालेल्या सिमेंटच्या गोण्या सोडून विकणारा गेला होता, तो रिकामा ताबा नाही असं कोर्टाने ठरवलं. दोन खोकी राहिली तर ते नाही, पण वापरात खरोखर अडथळा येईल एवढं सामान असेल तर नक्की.

आता तारखेचं, कारण तुम्हाला आत्ता दोन दिवसांत उत्तर द्यायचं ते याचंच.

कम्प्लिशनची तारीख करारात लिहिलेली आहे. ती एका बाजूला बदलता येत नाही, एजंटच्या फोनने तर नाहीच नाही. "आम्ही जिथे जाणार ते घर अडकलंय" ही तुमच्या कराराच्या दृष्टीने अडचणच नाही. १९८० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) रायनेरी विरुद्ध माइल्स मध्ये नेमकं हेच ठरवलं. साखळीत (आपलं घर विकून त्याच वेळी पुढचं घेणाऱ्यांची ओळ) वरचा माणूस कम्प्लिट करू शकला नाही, म्हणून मधला करू शकला नाही, आणि सगळ्यात खालचे सामानसुमान घेऊन आले ते रस्त्यावर. मधल्याने खालच्याला भरपाई द्यायची आणि आपली आपण वरच्याकडून वसूल करायची. नोटीस देऊन वेळ "ऑफ द एसेन्स" (चुकली तर करार मोडता येईल इतकी पक्की) केलेली नसली तरी तारीख चुकणं हा करारभंगच आहे, हाही मुद्दा तिथेच मिटला.

तुमच्यापुढे दोन वाटा. पहिली, हो म्हणायचं पण फुकट नाही. दहा दिवसांचं जादा भाडं, सामान ठेवायच्या गोडाऊनचा खर्च, व्हॅनचं कॅन्सलेशन, सॉलिसिटरची जादा फी, हे सगळं धरून एक आकडा सांगा आणि नवी तारीख दोन्ही सॉलिसिटरनी लेखी मान्य केल्यावरच मान्य धरा. हो म्हणायच्या आधी दोन गोष्टी तपासा. मॉर्गेज ऑफर नव्या तारखेपर्यंत जिवंत आहे का, कारण ती गेली तर दहा दिवस देऊन तुम्ही स्वतःचाच फास आवळला. आणि तुमच्या सॉलिसिटरने लँड रजिस्ट्रीत केलेल्या सर्चचं संरक्षण. ते तीस वर्किंग डेजचं असतं, त्या काळात विकणाऱ्याच्या नावावर दुसरा बोजा चढला, समजा नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोने होम राइट्सची (त्या घरात राहण्याच्या हक्काची) नोंद केली, तरी तुमचा नंबर आधी लागतो. पण तुमचा अर्ज त्या मुदतीत पोचायला हवा. तीस दिवस कमी पडत असतील तर नवा सर्च लागेल, आणि मधे नवीन काही नोंदलं गेलं नाही ना ते परत बघावं लागेल.

दुसरी वाट, नाही म्हणायचं. मग ठरलेल्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता तुमचे पैसे तयार असताना ते कम्प्लिट करू शकले नाहीत तर ते डिफॉल्टमध्ये. रोजची भरपाई सुरू होते. दर करारात "काँट्रॅक्ट रेट" म्हणून असतो, वेगळं लिहिलं नसेल तर लॉ सोसायटीचा दर, म्हणजे बार्कलेज बँकेच्या बेस रेटच्या चार टक्के वर. समजा बेस रेट ४ टक्के, तर दर ८. विकणारा चुकला तर हे व्याज पूर्ण किमतीवर, चार लाखांवर ८ टक्के म्हणजे वर्षाला ३२,०००, दिवसाला साधारण ८७ पाउंड ६७ पेन्स, दहा दिवसांचे ८७७ च्या आसपास. तुम्ही चुकलात तर डिपॉझिट वजा करून, म्हणजे ३,६०,००० वर, दिवसाला साधारण ७८ पाउंड ९० पेन्स. खरं नुकसान याहून जास्त झालं, हॉटेलात राहावं लागलं वगैरे, तर ते मागता येतं, पण आधी मिळालेलं व्याज त्यातून वजा होतं, दोन्हीकडून खाता येत नाही. पावत्या ठेवा.

दोन वाजल्यानंतर, तयार असलेली बाजू "नोटीस टु कम्प्लीट" देऊ शकते. तिथून दहा वर्किंग डेज, नोटीस दिल्याचा दिवस सोडून, आणि आता वेळ खरोखर पक्की. तेवढ्यातही ते आले नाहीत तर तुम्ही करार मोडून डिपॉझिट व्याजासकट परत घेऊ शकता आणि वर नुकसानभरपाईही मागू शकता, किंवा कोर्टाकडून त्यांना विकायला लावू शकता. दुसरं ऐकायला छान वाटतं पण त्यात कित्येक महिने जातात. गंमत म्हणजे हिशोब केला तर दिसेल की त्यांनी मागितलेले दहा दिवस आणि नोटिशीचे दहा वर्किंग डेज, दोन्ही संपतात जवळजवळ एकाच सुमारास, उलट नोटिशीला थोडा जास्तच वेळ लागतो. म्हणजे नाही म्हणून तुम्हाला घर लवकर मिळत नाही, फक्त व्याजाचा हक्क आणि दबाव मिळतो. म्हणून माझं मत, पैशाचं ठरवून, लेखी घेऊन, तारीख द्या. माणसं चांगली असतील तर बॉयलरचाही यातच तोडगा काढा, कायद्याने ते देणं लागत नसले तरी आत्ता त्यांना तुमची गरज आहे आणि अशी वेळ परत येणार नाही.

आता ले-ऑफ. इथे दिरांचं वाक्य परत आठवा.

करारात "लोन मंजूर झालं तरच" अशी अट नसेल, आणि इथे ती जवळजवळ कधीच नसते, तर नोकरी गेली, बँकेने ऑफर मागे घेतली, दोघांचं पटेनासं झालं, यातलं काहीही कम्प्लिट न करायला कारण धरलं जात नाही. तुम्ही नाही आलात तर त्यांनी नोटीस द्यायची, दहा वर्किंग डेज संपले की करार मोडायचा, चाळीस हजार ठेवून घ्यायचे. ते ठेवायला त्यांना स्वतःचं नुकसान सिद्ध करावं लागत नाही, घर दुसऱ्या दिवशी जास्त किमतीला गेलं तरी चाळीस हजार त्यांचे. इथपर्यंत दिरांचं बरोबर. पण मग ते घर परत बाजारात आलं आणि ३,४०,००० ला गेलं, तर साठ हजारांचा खड्डा, शिवाय परत एजंट, परत सॉलिसिटर, मधल्या महिन्यांचे हप्ते. त्यातून तुमचे चाळीस वजा करून उरलेल्यासाठी ते तुमच्यावर दावा लावू शकतात आणि लावतात, बाजार पडत असतो तेव्हा हमखास. वर त्यांचं पुढचं घर तुमच्यामुळे तुटलं तर त्याचंही काही येऊ शकतं. पाच टक्क्यांवर एक्स्चेंज केलेल्यांनाही सांगून ठेवते, नोटीस आली की उरलेले पाच टक्के भरायची जबाबदारी करारातच लिहिलेली आहे, वीस हजारच बुडतील या भरवशावर राहू नका.

लॉ ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट १९२५ च्या कलम ४९(२) खाली कोर्ट डिपॉझिट परत करायला सांगू शकतं, पण तो कोर्टाच्या मर्जीचा मामला आहे आणि "माझी नोकरी गेली" एवढ्यावर तो दरवाजा सहसा उघडत नाही. हां, डिपॉझिट अवाच्या सवा असेल तर वेगळं. वर्कर्स ट्रस्ट विरुद्ध डोजॅप मध्ये १९९३ साली जमैकाहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (शेवटच्या अपील कोर्टापर्यंत) गेलेल्या केसमध्ये पंचवीस टक्के डिपॉझिट हा दंड ठरला आणि परत करायला लावला. दहा टक्के मात्र रूढ, त्याला कोणी हात लावत नाही.

अजून एक, आणि हे जरा नाजूक आहे. बँकेच्या ऑफरच्या अटींमध्ये सहसा असतं की परिस्थिती बदलली तर कळवायचं. तुमचा सॉलिसिटर बहुतेक वेळा तुमच्यासोबत बँकेचाही सॉलिसिटर असतो. मिस्टरांना नोटीस मिळाली आणि ते तुम्ही त्याला सांगितलंत तर त्याला ते बँकेला सांगावंच लागेल, तुम्ही परवानगी नाही दिली तर त्याला काम सोडावं लागेल. म्हणून लपवा असं अजिबात म्हणत नाहीये, लपवलंत तर प्रकरण फ्रॉडकडे जातं. म्हणतेय ते एवढंच की अफवा आणि लेखी नोटीस यात फरक आहे. "कंपनीत ले-ऑफ चाललेत" ही सध्या बातमी आहे, तुमची परिस्थिती बदललेली नाही. कागद हातात आला की त्याच दिवशी सांगा आणि ब्रोकरशी बोला, एका पगारावर कमी रकमेचं कर्ज, आईवडिलांची मदत, दुसरी बँक, असं काही तीन आठवड्यांत जमण्यासारखं असतं, कम्प्लिशनच्या आदल्या दिवशी नसतं.

विकणाऱ्यांची बाजू विचारणारेही बरेच असतात, म्हणून पटकन त्यांच्यासाठी (इथे "तुम्ही" म्हणजे विकणारे). डिपॉझिट तुमच्या सॉलिसिटरकडे स्टेकहोल्डर (दोन्ही बाजूंसाठी सांभाळणारा) म्हणून पडून असतं, ते तुमचं खर्चायचं नाही, तुमच्या राहत्या पुढच्या घराच्या डिपॉझिटसाठी वर सरकवता येतं तेवढंच. एक्स्चेंजनंतर विमा बंद करू नका, जोखीम खरेदीदाराची असली तरी व्यवहार मोडला तर जळकं घर तुमच्याच गळ्यात. नवीन भाडेकरू ठेवू नका, भिंत पाडू नका. नवीन काही नोटीस आली, काउन्सिलची असो की शेजाऱ्याची, लगेच सॉलिसिटरला द्या, ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. आणि दोघांपैकी कोणी या मधल्या काळात वारलं तरी करार मरत नाही, वारसांना किंवा एक्झिक्युटरला (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला) तो पुरा करावाच लागतो, फक्त प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब) लागत असेल तर उशीर होतो, आणि त्या उशिराचं व्याजही चालूच राहतं.

शुक्रवार असल्यामुळे दोन वाजताचं गणित लक्षात ठेवा. पैसे दोननंतर पोचले तर व्याजापुरतं कम्प्लिशन पुढच्या वर्किंग डेला, म्हणजे सोमवारी झालं असं धरतात, तीन दिवसांचं व्याज, आपल्या उदाहरणात २३६ पाउंडांच्या आसपास. किल्ली त्याच दिवशी मिळाली तरीही. २० ऑक्टोबर २०१४ ला बँक ऑफ इंग्लंडची पेमेंट सिस्टिमच बराच वेळ बंद पडली होती आणि देशभर लोक व्हॅन भरून रस्त्यावर उभे होते, तो सोमवार होता म्हणून निदान दुसऱ्या दिवशी सुटका झाली. जमलं तर नवी तारीख मंगळवार-बुधवारची मागा, तसंही तारीख बदलतेच आहे. आणि या मधल्या काळात सॉलिसिटरच्या नावाने "आमचं बँक अकाउंट बदललंय" असा ईमेल आला तर तो खोटाच धरून चाला, पहिल्या पत्रावरच्या नंबरवर फोन करून विचारा. एक्स्चेंज आणि कम्प्लिशनच्या मधेच हे चोर गळ टाकून बसतात कारण मोठी रक्कम कधी निघणार ते त्यांना कळलेलं असतं.

शेवटचा मुद्दा, उरलेल्या रकमेतले काही पैसे पुण्याहून सासूसासऱ्यांकडून येणारेत असं तुम्ही लिहिलंय. ते आलेले नसतील तर हेच काम सगळ्यात आधी. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची सवलत) एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, त्यामुळे रक्कम बसेल, पण बँकेचे फॉर्म, पॅन, टीसीएस (पैसे पाठवताना बँक घेते तो कर) हे सगळं शाखेत जाऊन करायचं असतं आणि तिथल्या साहेबांना तुमच्या रेडिंगच्या तारखेशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या पुढे इथल्या सॉलिसिटरला पैसे कुठून आले याचा पुरावा हवा असतो. एफडी मोडली तर एफडीची पावती, फ्लॅट विकला तर खरेदीखत आणि खात्यात पैसे जमा झाल्याचं स्टेटमेंट, सोबत "हे बक्षीस आहे, घरात आमचा हिस्सा नाही" असं दोघांच्या सहीचं पत्र, आणि बँकेलाही ते दाखवावं लागतं. मराठीत असलेल्या कागदांचं भाषांतर मागतात. हे सगळं बघून होईपर्यंत पैसे सॉलिसिटरच्या क्लायंट अकाउंटला (ग्राहकांचे पैसे ठेवायचं खातं) आले तरी सॉलिसिटर ते वापरणार नाही, आणि मग शुक्रवारी दोन वाजता डिफॉल्टमध्ये तुम्हीच असाल. सासऱ्यांना उद्याच बँकेत पाठवा, आणि कागदांचे फोटो न काढता नीट स्कॅन करून सगळे एकाच ईमेलमध्ये सॉलिसिटरला द्या.